सहा एपी की चार? सीनियर इयरचे विषय निवडण्याआधी तासांचा हिशेब मांडा

मुलाच्या विषयांबद्दल तुम्ही पाठवलेला प्रश्न मला नीट कळलाय का, ते आधी लिहून बघते. मुलगा न्यू जर्सीतल्या पब्लिक हायस्कूलमध्ये ज्युनिअर, म्हणजे अकरावीला आहे. यंदा प्रीकॅल्क्युलस ऑनर्स, फिजिक्स ऑनर्स, एपी लँग्वेज आणि एपी यूएस हिस्ट्री चालू आहे, केमिस्ट्री दहावीत झाली. (ऑनर्स म्हणजे साध्यापेक्षा वरची पातळी, एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेला कॉलेजच्या पातळीचा विषय.) पुढे इंजिनिअरिंग, पण मेकॅनिकल की कम्प्युटर हे ठरलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या, म्हणजे शेवटच्या सीनियर इयरच्या, विषयांचा फॉर्म फेब्रुवारीअखेर द्यायचाय. बाबांचं म्हणणं सहा एपी घ्यावेत: कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी, केमिस्ट्री, कम्प्युटर सायन्स ए, इंग्लिश लिटरेचर आणि यूएस गव्हर्नमेंट. मार्चिंग बँड आणि तबला चालूच राहणार. तो आताच रात्री साडेपाच-सहा तास झोपतो आणि तुमचा जीव खालीवर होतोय. तुम्ही विचारताय, चारच घेतले तर चांगलं कॉलेज हातचं जाईल का?

नाही जाणार. तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत मी चार एपी घ्यायला सांगेन, आणि कुठले चार तेही खाली लिहिते. पण चार हा आकडा कसा आला ते समजून घ्या. पुढच्या घरात तो तीन असेल आणि त्याच्या पुढच्या घरात पाच.

मी तेरा वर्षं इथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवलं आणि गेली अकरा वर्षं काउन्सेलर आहे, म्हणजे मुलांना विषय आणि कॉलेज निवडायला मदत करते. दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत हेच फॉर्म घेऊन मुलं माझ्यासमोर बसतात, आणि त्यांतल्या आपल्या मराठी घरांतल्या मुलांमध्ये एक गोष्ट मला कायम जाणवते. आईवडिलांच्या मनात सीनियर इयर म्हणजे बारावी. आपण सगळे त्यातून गेलोय. दहावीनंतर शाखा घेतली की विषय ठरले, पीसीएम नाहीतर पीसीएमबी. वर्षभर कसंही गेलं तरी चालायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपर चांगले गेले पाहिजेत. त्यामुळे बारावीला जितकं जास्त रेटाल तितकं चांगलं, हे आपल्या हाडीमाशी मुरलंय. इथे तसं चालत नाही. इथे नववीपासूनचा प्रत्येक ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, चढत जातो. तुमचा मुलगा १ नोव्हेंबरला अर्ली ॲक्शनचा (लवकर अर्ज, लवकर निकाल) अर्ज पाठवेल तेव्हा तीन वर्षांचे ग्रेड लिहून झालेले असतील. सीनियर इयरचे त्या दिवशी दिसतील ते मुख्यतः विषय, गुण नव्हेत. पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड मग मिडइयर रिपोर्टमधून जातात आणि अंतिम ट्रान्सक्रिप्ट जूनमध्ये. म्हणजे तुम्ही आता जी यादी लिहाल ती आधी वाचली जाईल, आणि ती निभावली का हे नंतर तपासलं जाईल. यादी दिसायला भारदस्त आणि जानेवारीत त्यापुढे बी, सी, सी, हे सगळ्यात वाईट.

दुसरी गोष्ट फॉर्मवर कुठेच छापलेली नसते. सीनियर इयरच्या पहिल्या अर्ध्यात एक जादा विषय असतो, अर्जांचा. कॉमन ॲप, म्हणजे पुष्कळ कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं. त्यातला मुख्य निबंध ६५० शब्दांचा, तो एकच. पण त्यावर प्रत्येक कॉलेजचे आपापले छोटे निबंध असतात: हाच विषय का, आमचंच कॉलेज का, तुमच्या घराबद्दल, तुमच्या गावाबद्दल. दहा कॉलेजं म्हटली की असे पंधरा-वीस तुकडे सहज होतात, आणि प्रत्येक तुकडा तीन-तीनदा लिहावा लागतो. रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाला, ग्रेड स्वतः भरायचे असतात, चारही वर्षांचे विषय एकेक करून. पर्ड्यू, जॉर्जिया टेक, एमआयटी यांना पुन्हा टेस्ट स्कोअर लागतात, त्यामुळे पुष्कळ मुलं ऑगस्टमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये आणखी एकदा एसएटी या प्रवेशपरीक्षेला बसतात. आर्थिक मदतीचे फॉर्म ऑक्टोबरपासून. हे सगळं ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत आठवड्याला सात-आठ तास खातं. चांगल्या एपी विषयाच्या घरच्या अभ्यासापेक्षा जास्तच. आणि हे नेमकं मार्चिंग बँडच्या हंगामात येतं.

म्हणून मी मुलांना किती एपी घेणार असं विचारत नाही. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवते आणि वर लिहायला सांगते: १६८. आठवड्याचे तास. तुम्ही दिलेल्या माहितीवर मी तो कागद इथेच भरून दाखवते.

झोप आठ तास धरली तर ५६. अमेरिकेतले झोपेचे डॉक्टर १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास सांगतात, मी सगळ्यात कमी धरलेत. कॅलिफोर्नियाने तर २०२२ पासून कायद्याने हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायला बंदी केली. इथे न्यू जर्सीत अजून पुष्कळ शाळांत साडेसातच्या आसपास पहिली घंटा होते, म्हणजे आठ तास झोपायचं तर दहाला दिवा मालवायला हवा. राहिले ११२. शाळा आणि बस मिळून रोज आठ तास, पाच दिवसांचे ४०. राहिले ७२. अंघोळ, जेवण, खोली आवरणं, आजीआजोबांशी फोन, यांचे रोजचे अडीच तास, साधारण १७. राहिले ५५. आता बँड: तीन संध्याकाळी तीन-तीन तास, शुक्रवारचा फुटबॉलचा सामना पाच तास, शनिवारी स्पर्धा आठ तास, झाले २२. तबल्याचा क्लास आणि थोडा रियाज दोन तास. राहिले ३१.

या ३१ तासांत अभ्यास बसवायचाय. माझ्याकडे इतकी वर्षं मुलांनी भरलेले कागद आहेत, त्यावरून माझा अंदाज असा: फिजिक्स सी सहा तास, केमिस्ट्री सहा, कॅल्क्युलस बीसी पाच, लिटरेचर पाच, गव्हर्नमेंट चार, कम्प्युटर सायन्स ए तीन. एकूण २९. तुमच्या शाळेत शिक्षकाप्रमाणे यात फरक पडेल. ३१ वजा २९ म्हणजे दोन तास उरले, आणि अर्जांना आठ हवेत. सहा तास तूट. ती तूट कुठून भरली जाते हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही रात्री बाराला त्याच्या खोलीचा दिवा बघता. आणि या हिशेबात मित्राबरोबरचा एकही पिक्चर नाही, एकही ताप नाही, आणि गणपतीही नाहीत.

हे मी शहाणपणाने शिकले असं नाही. काउन्सेलर झाल्यावर पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे एक मुलगी आली. हुशार, नम्र, सगळे ए. तिला सहा एपी हवे होते, त्यातल्या एकाला शिक्षकांची शिफारस नव्हती. घरून ओव्हरराइडचा, म्हणजे शिफारस नसतानाही विषय द्या असं सांगणारा, फॉर्म सही होऊन आला आणि मीही सही केली. मला वाटलं, हिला नाही म्हणायचं कारणच काय? ऑक्टोबरमध्ये एका सकाळी ती माझ्या ऑफिसबाहेरच्या खुर्चीत बसून झोपली होती. मांडीवर फिजिक्सची वही उघडी. एक गणित अर्ध्यावर, आणि शेवटच्या ओळीतली पेनाची रेघ खाली घसरत घसरत पानाच्या काठापर्यंत गेलेली. रात्री लिहिता लिहिता तिथेच डोळा लागला होता. तिने मला काहीही सांगितलं नव्हतं, कारण आपण मोठ्या माणसांनी विश्वासाने सही केली आणि आता नाही जमत म्हणायचं कसं, असं तिला वाटत होतं. नोव्हेंबरमध्ये आम्ही केमिस्ट्री सोडली. ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (विषय सोडल्याची खूण) आला, त्याचं कारण मी पत्रात लिहिलं, तिला चांगल्या ठिकाणी प्रवेशही मिळाला. पण ते दोन महिने तिला परत मिळाले नाहीत. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की दिवसाचे तास कसे जातात. तेव्हापासून तो कागद भरल्याशिवाय मी सही करत नाही.

आता विषयांकडे येऊ. इथे जरा रेंगाळते, कारण एपी सगळे सारखे नसतात आणि आकडा मोजताना आपण ते विसरतो.

तुमच्या मुलासाठी कॅल्क्युलस आणि फिजिक्स हे दोन कणा. इंजिनिअरिंग कुठलंही घेतलं तरी पहिल्या वर्षी हेच दोन समोर येणार, आणि अर्ज वाचणारा माणूस आधी हेच दोन शोधतो. त्यामुळे हे ठेवायचेच. प्रश्न फक्त बीसी की एबी. एबी म्हणजे साधारण कॉलेजच्या एका सेमिस्टरचं कॅल्क्युलस, बीसी म्हणजे दोन सेमिस्टरचं. बीसीमध्ये एबीचं सगळं येऊन वर सिरीज, पॅरामेट्रिक, पोलर असं बरंच. प्रीकॅल्क्युलसमधून थेट बीसीला जाता येतं, दर वर्षी मुलं जातात. मी एकच प्रश्न विचारते: प्रीकॅल्क्युलसमधला ए त्याने स्वतः मिळवलाय की रविवारच्या ट्यूशनने ओढून आणलाय? स्वतः मिळवलाय, ट्रिगच्या आयडेंटिटी विचारल्यावर तो कागद ओढून मांडायला लागतो, तर बीसी. ट्यूशनशिवाय गाडी हलत नसेल तर एबी, आणि मनात कसलाही कमीपणा न ठेवता. एबी घेतल्यामुळे एखाद्या मुलाला इंजिनिअरिंगचा दरवाजा बंद झाला असं मी पाहिलेलं नाही. बीसीमध्ये गळपटून कॉलेजच्या पहिल्या वर्षी गणिताची धास्ती घेतलेली मुलं मात्र पाहिली आहेत.

फिजिक्स सीबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर सप्टेंबरमध्ये पोरगं घाबरतं. हा विषय कॅल्क्युलसवर उभा आहे. पहिल्या काही आठवड्यांतच वेग म्हणजे स्थानाचं डेरिव्हेटिव्ह अशी सुरुवात होते आणि वर्क-एनर्जीला पोचेपर्यंत बलाचं इंटिग्रल समोर येतं. त्या वेळी कॅल्क्युलसच्या वर्गात लिमिट्स आणि डेरिव्हेटिव्हचे नियम चाललेले असतात, इंटिग्रल यायला बऱ्याच ठिकाणी थंडी पडते. फिजिक्सचे शिक्षक लागेल तेवढं शिकवून घेतात, पण पहिले दोन महिने मुलाला पायाखाली जमीन नसल्यासारखं वाटतं. उपाय सोपा आहे. जुलैमध्ये रोज अर्धा तास, महिनाभर, फक्त बहुपदींचं डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रल हात बसेपर्यंत करायचं. एवढ्याने सप्टेंबर बदलतो. आणखी एक विचारून घ्या: तुमच्या शाळेत फिजिक्स सी म्हणजे नुसतं मेकॅनिक्स की त्याच वर्षात इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमही? हे दोन वेगळे एपी विषय आहेत, परीक्षाही वेगळ्या. दोन्ही एका वर्षात असतील तर मी वर लिहिलेले सहा तास आठ धरा.

कम्प्युटर सायन्स ए ठेवा. जावा आहे. त्याने आधी कुठलीही भाषा थोडीफार हाताळली असेल तर हा विषय तास कमी खातो आणि मेकॅनिकल की कम्प्युटर या प्रश्नाचं उत्तरही आपोआप देतो. मार्चपर्यंत त्याला कळेल की प्रोग्राम रात्री चालला नाही की तो चिडतो की त्यात रमतो.

केमिस्ट्री काढा. हे बाबांना पटवणं अवघड जाणार, मला माहीत आहे. पीसीएममध्ये सी असतो, तो काढला की आपल्याला शाखाच मोडल्यासारखी वाटते. पण त्याने केमिस्ट्री एकदा घेतलेली आहे. सीनियर इयरला गणित आणि फिजिक्स वरच्या पातळीवर घेतलं की मेकॅनिकल किंवा कम्प्युटरच्या अर्जाला विज्ञान पुरेसं भक्कम दिसतं. आणि एपी केमिस्ट्री तास फार खाते, कारण वर्गाचा निदान पाव भाग प्रयोगशाळेत जायला हवा असा नियमच आहे. प्रयोग आला की रिपोर्ट आला, आणि रिपोर्ट हमखास गुरुवारी रात्री लिहिला जातो. त्याला केमिकल इंजिनिअरिंग किंवा बायोमेडिकल हवं असतं तर मी उलट सांगितलं असतं, केमिस्ट्री ठेवा आणि गव्हर्नमेंट सोडा. डॉक्टरकीकडे जाणाऱ्या मुलांनाही केमिस्ट्री आणि बायॉलॉजी आधी, बीसी नंतर.

इंग्रजी चौथ्या वर्षी घ्यावीच लागते, न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला लागणाऱ्या १२० क्रेडिटमध्ये चार वर्षांची इंग्रजी सक्तीची आहे. प्रश्न पातळीचा. एपी लिटरेचर म्हणजे कादंबऱ्या, कविता, नाटकं, आणि सतत निबंध. ज्या तिमाहीत तो स्वतःचे वीस निबंध लिहिणार त्याच तिमाहीत. त्याला वाचायला मनापासून आवडत असेल तर लिटरेचर घ्यावं आणि गव्हर्नमेंट साध्या पातळीवर. आवडत नसेल तर इंग्रजी ऑनर्स आणि एपी गव्हर्नमेंट. यंदाच्या एपी लँग्वेजच्या शिक्षकांना तो एवढंच विचारू दे की लिटरेचरमध्ये मला मजा येईल का. शिक्षक या प्रश्नाचं फार प्रामाणिक उत्तर देतात.

तर झाले चार: कॅल्क्युलस, फिजिक्स सी, कम्प्युटर सायन्स ए, आणि गव्हर्नमेंट किंवा लिटरेचर यातलं एक. पुन्हा कागद मांडा. गव्हर्नमेंट धरलं तर पाच, सहा, तीन, चार, आणि इंग्रजी ऑनर्सचे तीन, मिळून २१. ३१ मधून २१ गेले, दहा उरले. अर्जांचे आठ गेले, दोन उरले. केमिस्ट्रीच्या जागी स्टडी हॉल, म्हणजे अभ्यासासाठीचा मोकळा तास, घेतला तर रोजची चाळीस मिनिटं शाळेतच मिळतात, म्हणजे आठवड्याचे आणखी तीन तास. मग ताप आला तरी चालेल, आणि गणपतीला आरतीलाही थांबता येईल.

कॉलेजला काय दिसतं, याबद्दल महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात जे ऐकू येतं ते बाजूला ठेवा. अमक्यांचा मुलगा आठ एपी घेतोय, या वाक्यात त्याची शाळा किती एपी देते हे कधी नसतं. अर्जाबरोबर प्रत्येक शाळेचं प्रोफाइल जातं, त्यात शाळा काय काय शिकवते ते असतं. काउन्सेलरच्या रिपोर्टमध्ये एक प्रश्न असतो: तुमच्या शाळेतल्या कॉलेजला जाणाऱ्या इतर मुलांच्या तुलनेत याची विषयनिवड किती अवघड आहे? पाच पायऱ्या असतात, सगळ्यात वरची म्हणजे सर्वांत अवघड. ही पायरी कशी ठरवायची ते प्रत्येक शाळा आपल्या पद्धतीने ठरवते. बहुतेक ठिकाणी चार वर्षांचा मिळून विचार होतो, नुसत्या सीनियर इयरच्या एपींची बेरीज नाही. तेव्हा तुमच्या काउन्सेलरला थेट विचारा: या चार विषयांसह तुम्ही त्याला कुठल्या पायरीवर ठेवाल? हा प्रश्न विचारण्यात अजिबात गैर नाही. मला कुणी विचारलं तर मी सरळ सांगते.

एपीच्या परीक्षेचाही एक भ्रम आहे. परीक्षा मे महिन्यात होतात आणि स्कोअर जुलैमध्ये येतात. तोवर प्रवेश ठरून, कॉलेज निवडून, टी-शर्ट घेऊन झालेला असतो. सीनियर इयरच्या एपीत पाचपैकी पाच आला की तीन, हे प्रवेश देणाऱ्याला दिसतच नाही. तो स्कोअर फक्त कॉलेजात क्रेडिट मिळवायला किंवा वरच्या वर्गात बसायला उपयोगी. त्यामुळे वर्ग घेऊन परीक्षा न देणं हाही रस्ता आहे, शाळेने सक्ती केली नसेल तर. एका परीक्षेला जवळपास १०० डॉलर लागतात आणि नाव नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत द्यावं लागतं. कॅल्क्युलस आणि फिजिक्सची परीक्षा द्यावी, क्रेडिटसाठी नाही तरी उजळणीसाठी. बाकीच्यांचं वसंतात ठरवता येत नाही, म्हणून नोव्हेंबरमध्ये त्याची आवडती कॉलेजं कशाला क्रेडिट देतात ते एकदा पाहून घ्या.

उलट्या बाजूची चूकही सांगते, कारण मी फक्त कमी करा म्हणतेय असं वाटू नये. सीनियर इयरला गणित सोडणं, परदेशी भाषा मध्येच टाकणं, तीन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) घेऊन दुपारी बाराला घरी येणं, हे कॉलेज पाहतं आणि त्याचा अर्थही लावतं. इंग्रजी, गणित, विज्ञान असे मुख्य विषय शेवटपर्यंत दिसले पाहिजेत, पातळी वरखाली चालेल. आणि फेब्रुवारीनंतर पाट्या टाकणाऱ्या मुलांची अंतिम ट्रान्सक्रिप्ट बघून प्रवेश परत घेतल्याची पत्रं येतात. क्वचित येतात, पण मी ती वाचली आहेत.

आता फॉर्म भरण्याच्या खाचाखोचा, ज्या कुणी समजावून सांगत नाही. तुमच्या शाळेत फिजिक्स सीची एकच तुकडी असेल तर ती ज्या तासाला आहे त्याच तासाला बँडचा वर्ग आला की दोन्हीतलं एक जातं. अशा एकेका तुकडीच्या विषयांमुळेच वेळापत्रकं फसतात. म्हणून पर्यायी विषयांच्या रकान्यात मनाला येईल ते लिहू नका. सॉफ्टवेअर पहिला विषय बसला नाही की निमूटपणे पर्याय टाकतं, आणि ऑगस्टमध्ये वेळापत्रक हातात येतं तेव्हा मुलाला कळतं की आपण सिरॅमिक्समध्ये आहोत. पर्यायातही आपल्याला खरोखर चालतील असेच विषय लिहा. दुसरं, बँड आणि प्रयोगशाळेचा तास जुळवायला लंचचा तास सोडायची पद्धत मुलांमध्ये आहे. ते करू देऊ नका. सकाळी साडेसहाला खाल्लेल्या टोस्टवर दुपारी तीनपर्यंत कुणाचं डोकं चालत नाही. तिसरं, पीई (शारीरिक शिक्षण) न्यू जर्सीत चारही वर्षं लागते आणि फायनान्शियल लिटरसीची (पैशाच्या व्यवहारांचा विषय) अडीच क्रेडिट पूर्ण झाली आहेत का ते आजच तपासा. राहिली असतील आणि तुमचा स्कूल डिस्ट्रिक्ट परवानगी देत असेल तर उन्हाळ्यात संपवा, एक तास मोकळा होतो. चौथं, विषय सोडायची शेवटची तारीख आणि एपीवरून साध्या वर्गात उतरायची तारीख या दोन वेगळ्या असतात. दोन्ही आताच लिहून घ्या. पातळी उतरवली तर जुना ग्रेड बरोबर येतो का, हेही विचारा, शाळेशाळेत वेगळं आहे.

उन्हाळ्यापूर्वी आणखी दोन कामं होतील. शिफारसपत्रासाठी दोन शिक्षकांना मे-जूनमध्येच विचारून ठेवू दे, आणि मुख्य निबंधाचा पहिला खर्डा ऑगस्टमध्ये बँड कॅम्पच्या आधी होऊ दे. तबल्याची गांधर्वची परीक्षा नोव्हेंबरच्या सत्रात धरली असेल तर ती एप्रिलच्या सत्रात न्या. तबला सोडायला मात्र सांगू नका. त्याच्या आठवड्यात तो एकटाच तास असा आहे जिथे त्याला कुणी ग्रेड देत नाही.

शेवटी जे मला सगळ्यात जास्त टोचलं ते लिहिते, राग मानू नका. तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात बाबांचं मत आहे, तुमची काळजी आहे, मावसभावाने काय घेतलं होतं तेही आहे. मुलाला काय घ्यायचंय ते कुठेच नाही. तुम्ही त्याला विचारलं नसेल असं मी म्हणत नाही. कदाचित त्यानेच काही म्हटलं नसेल, या वयाची मुलं आईवडिलांचा चेहरा बघून उत्तर देतात. म्हणून तोंडी विचारू नका. शनिवारी स्पर्धा नसलेल्या एखाद्या सकाळी कांदेपोहे झाल्यावर त्याच्यापुढे कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा, वर १६८ लिहा, आणि तुम्ही दोघंही अर्धा तास बाहेर चक्कर मारून या. झोपेचा आकडा त्याचा त्याला लिहू दे. बाबांना सांगा, त्या कागदावर काहीही खोडायचं नाही, फक्त बेरीज तपासायची. सहा एपी त्यात बसले तर मी चूक आहे आणि तसं मला जरूर कळवा. फॉर्म द्यायच्या आधी त्या कागदाचा फोटो पाठवलात तर बघून सांगेन, विशेषतः फिजिक्स सी एक आहे की दोन, त्यावर माझं उत्तर थोडं बदलू शकतं.